डॉ. कोटणिसांची तयारी

२०२० सालच्या जून महिन्यात गोरेगावच्या पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत असलेल्या नेस्कोच्या प्रदर्शन-दालनांचे रूपांतर कोविडच्या विशाल उपचार केंद्रात करण्यात आले. एरवी जेथे यंत्रांची आणि व्यापारी मालाची प्रदर्शने भरत, तेथे खाटांच्या रांगा लागल्या आणि टप्प्याटप्प्याने त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. खाटा, पडदे, प्राणवायूच्या नळ्या या वस्तू पैसा खर्च केला तर काही आठवड्यांत उभ्या करता येतात. डॉक्टर मात्र काही आठवड्यांत तयार होत नाही. साहजिकच सरकारची दृष्टी वैद्यकीय महाविद्यालयांकडे वळली. दुसरी लाट ऐन भरात असताना, ३ मे २०२१ रोजी, केंद्र सरकारने एक निर्णय जाहीर केला. एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या देखरेखीखाली दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे व सौम्य लक्षणांच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्याचे काम देता येईल, इंटर्न डॉक्टरांना कोविडच्या कामावर नेमता येईल आणि शंभर दिवस सेवा करणाऱ्यांना पुढे सरकारी नोकरभरतीत प्राधान्य मिळेल, असा तो निर्णय होता. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षाही त्याच वेळी किमान चार महिने पुढे ढकलण्यात आली.

त्या काळात घरोघरी एक प्रश्न चर्चिला गेला. आपत्तीच्या वेळी धावून जाण्याची या मुलामुलींची तयारी आहे काय? प्रश्न रास्त होता, पण त्यातील ‘तयारी’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, हे बहुधा कोणाच्या ध्यानात आले नाही. एक तयारी मनाची, म्हणजे जाण्याची इच्छा. दुसरी तयारी हातांची, म्हणजे गेल्यावर काय करायचे याचे शिक्षण, साधने आणि मागे उभी असलेली व्यवस्था. पहिली तयारी आपण तरुणांकडे मागतो. दुसरी देण्याचे काम समाजाचे असते. या दोन्ही अर्थांचा उलगडा व्हावा असे एक आयुष्य महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे.

सोलापूर ते परळ

कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. सोलापूर हे तेव्हा गिरण्यांचे शहर होते आणि वडील शांताराम कोटणीस गिरणीच्या कचेरीत नोकरीस होते. दोन भाऊ, पाच बहिणी आणि ठराविक पगार असे ते कनिष्ठ मध्यमवर्गीय घर. अशा घरातून एका मुलाला वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईस पाठविणे म्हणजे साऱ्या कुटुंबाने काही वर्षे आपल्या गरजा मागे सारणे होय. त्या शिक्षणात नुसता पैसा गुंतलेला नसतो. मुलगा डॉक्टर होईल, दवाखाना घालील, घराला हात देईल, ही अपेक्षाही गुंतलेली असते. आजही कित्येक कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या घरांत हाच हिशेब चाललेला असतो.

मुंबईस त्यांनी परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२६ साली केईएम रुग्णालयाबरोबर सुरू झालेल्या या महाविद्यालयास देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी एक अट घातली होती. तेथील अध्यापक हिंदी असावेत, ही ती अट. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली दुय्यम जागा भूषविण्यापुरतेच हिंदी डॉक्टर लायक असतात, या समजाला दिलेले ते कृतीचे उत्तर होते. अशा संस्थेत शिकलेल्या विद्यार्थ्याने आपली विद्या नुसती उपजीविकेचे साधन मानली नाही, तर त्यात नवल नाही. कोटणीस डॉक्टर झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीस लागले. त्यांचा पुढचा मार्ग चारचौघांसारखा आणि सुरक्षित होता.

एक हाक आणि एक घर

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. शहरांवर बाँब पडू लागले, लाखो निर्वासित रस्त्यावर आले आणि जखमींना हात लावायला डॉक्टर मिळेनात. चीनच्या आठव्या सेनेचे सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी ती मागणी देशापुढे ठेवली. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ‘चीन निधी’चे दिवस पाळण्यात आले आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. स्वतः परतंत्र असलेल्या देशातील सामान्य माणसांनी दुसऱ्या देशातील जखमींसाठी गोळा केलेला हा पैसा होता.

या हाकेला कोटणिसांनी होकार दिला, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. मात्र हा होकार त्यांनी परस्पर दिला नाही. त्यांनी घरी विचारले. त्या काळी सोलापुरातील एका घराला चीनविषयी फारसे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले एवढीच त्या देशाची ओळख. तरीही घराने संमती दिली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर एक मार्ग पत्करताना जो दुसरा मार्ग सोडावा लागतो, त्याचे मूल्य हीच त्या निवडीची खरी किंमत असते. पदव्युत्तर परीक्षा, दवाखाना, घराला मिळणारा आधार या सर्वांवर पाणी सोडून हा निर्णय घेतला गेला आणि त्याची किंमत एकट्या द्वारकानाथांनी मोजली नाही. ती त्या घराने मोजली. स्वयंसेवकाच्या त्यागाचा गौरव करताना या दुसऱ्या त्यागाची नोंद आपण क्वचितच घेतो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात रुग्णसेवा करून परतले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे कोटणिसांप्रमाणेच तरुण होते. या निवडीत मोठे शहाणपण होते. रणभूमी पाहिलेला प्रमुख, एक वडीलधारा सहकारी आणि तीन तरुण, सोबत औषधे, उपकरणे व रुग्णवाहिका, मागे पैसा उभा करणारी समिती. कोटणिसांच्या मनाच्या तयारीला हातांच्या तयारीची जोड पहिल्या दिवसापासून मिळाली होती. उत्साही तरुणाला एकट्याने आगीत ढकलण्याचा प्रकार तो नव्हता.

येनानच्या वाटेवर

१७ सप्टेंबरला पथक कॅन्टनला पोहोचले. तेथून हांकौ, इचांग आणि अखेर चुंगकिंग असा प्रवास, मागे सरकणाऱ्या आघाडीबरोबर जखमींची सेवा करीत झाला. चुंगकिंगमध्ये पाचही डॉक्टरांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द जोडला. कोटणीस ‘को दिहुआ’ झाले. याच मुक्कामात त्यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी समजली. परत जाण्यास सबळ कारण होते आणि कोणी नाव ठेवले नसते. ते परतले नाहीत. घरच्या ओढीपेक्षा कर्तव्य मोठे ठरविणारा हा क्षण चरित्रकारांनी साहजिकच रंगविला आहे. परंतु त्या क्षणी सोलापुरातील घराचा कर्ता माणूस गेला होता आणि ज्याच्या शिक्षणावर घराने सर्वस्व लावले तो मुलगा हजारो मैलांवर होता, हेही विसरून चालणार नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. डोंगरात खोदलेल्या गुहा हीच तेथील घरे आणि हीच रुग्णालये. विमानहल्ले चालूच होते. पथकाने सुमारे एक वर्ष काम करावे, असे मूळचे ठरले होते. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी त्याच वर्षी मायदेशी परतले. १९४० साली डॉ. अटल यांनाही आजारपणामुळे परतावे लागले. परतणाऱ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. अशा कामात शरीराची मर्यादा ओळखणे हाही शहाणपणाचाच भाग असतो. मागे राहिले बसू आणि कोटणीस.

१९३९ च्या अखेरीस ते वुताई पर्वताच्या दिशेने निघाले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. जखमी माणूस रुग्णालयात येण्याची वाट पाहू नये, डॉक्टरनेच त्याच्यापर्यंत जावे, हे तत्त्व बेथ्यून यांनी तेथे रुजविले होते. परंतु भेट झाली नाही. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून मरण पावले होते.

हातांची तयारी

ऑगस्ट १९४० मध्ये उत्तर चीनमध्ये आठव्या सेनेची मोठी मोहीम सुरू झाली. या मोहिमेतील एका तेरा दिवसांच्या लढाईत कोटणिसांच्या पथकाकडे आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी पाचशेहून अधिकांवर शस्त्रक्रिया झाल्या. तीन दिवस आणि तीन रात्री ते शस्त्रक्रियेच्या टेबलापासून हलले नाहीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. मुंबईच्या रुग्णालयात शल्यवैद्याला जे हाताशी मिळते, त्यातले तेथे फारच थोडे होते. कोणाला आधी हात लावायचा, कोणाला थोडे थांबता येईल आणि कोणाला वाचविता येणार नाही, हे काही क्षणांत ठरवावे लागे. भूकंपाच्या, महापुराच्या किंवा रेल्वे अपघाताच्या वेळी रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरपुढे आजही हाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर पुस्तकातून आयत्या वेळी सापडत नाही.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणिसांची नेमणूक झाली. त्यांच्या आयुष्यातील हा कालखंड सर्वांत महत्त्वाचा आहे आणि चित्रपटाच्या दृष्टीने तो सर्वांत कमी नाट्यमय आहे. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय विद्यालय होते. विद्यार्थी म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेली, शालेय शिक्षण जेमतेम झालेली तरुण मुले. त्यांच्या मनाची तयारी शंभर टक्के होती. देश जळत असताना ती कोणाच्या आग्रहावाचून आली होती. पण शरीररचना ठाऊक नसलेल्या हातात शस्त्र दिले, तर ते मारकच ठरणार.

कोटणिसांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्या भाषेत व्याख्याने दिली आणि या विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पुस्तक लिहिले. ते पूर्ण होताच अधिक तपशिलाचे दुसरे पुस्तक हाती घेतले. एक शल्यवैद्य दिवसाला फार तर पंधरा-वीस शस्त्रक्रिया करील. त्याने शिकविलेले शंभर विद्यार्थी शंभर ठिकाणी पोहोचतील. साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे, पण संकटाच्या धामधुमीत तो करण्याची स्वस्थता फार थोड्यांजवळ असते. जो स्वतः विद्यार्थिदशेतून नुकताच बाहेर पडला होता, त्याला विद्यार्थ्यांची अडचण अधिक नेमकी समजली असावी. परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा विवाह झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. १९४२ साली ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. त्यांच्या राजकीय निर्णयाविषयी मतभेद असू शकतात, पण रुग्णसेवेविषयी ते होण्याचे कारण नाही.

न घेतलेली विश्रांती

या काळात त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपासमार, थंडी, सततची धावपळ आणि रात्रीचे लेखन यांनी शरीर खचले होते. उपचारासाठी दुसरीकडे जावे, असे सहकाऱ्यांनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही. विद्यार्थ्यांचे शिक्षण अर्धवट होते आणि पुस्तकही अर्धवट होते. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री लिहीत असतानाच झटका आला. एकामागून एक झटके येत गेले आणि ९ डिसेंबरच्या पहाटे, हपेई प्रांतातील गगोंग या खेड्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

या मृत्यूपुढे मान तुकवीत असतानाच एक अप्रिय प्रश्न विचारला पाहिजे. पर्वतराजीत शेकडो जखमींना सांभाळणाऱ्या डॉक्टरला सांभाळण्याची जबाबदारी कोणाची होती? वेढलेल्या, औषधांना पारख्या झालेल्या प्रदेशात या प्रश्नाला फारसे उत्तर नव्हते, आणि त्याबद्दल कोणास दोष देता येणार नाही. परंतु ज्या समाजाजवळ रुग्णालये आहेत, कायदा आहे, अर्थसंकल्प आहे, त्याला ही सबब चालणार नाही. सेवा करणाऱ्याने विश्रांती नाकारली, तर ती त्याला सक्तीने देणे हे व्यवस्थेचे काम आहे.

चित्रपटाबाहेरचे कोटणीस

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणिसांची भूमिका स्वतः केली. त्यांचे राजकमल कलामंदिर परळला होते आणि कोटणीस शिकले ते महाविद्यालयही परळलाच आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटाने कोटणिसांचे नाव घरोघरी नेले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यामुळे आपल्याकडे कोटणीस उरले ते हुतात्मा म्हणून. शिक्षक कोटणीस, पाठ्यपुस्तकाचे लेखक कोटणीस मागे पडले. चीनमध्ये शिजियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. त्याच शहरात १९९२ साली त्यांच्या नावाने एक वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. त्यांच्या कामाचे मर्म या दुसऱ्या स्मारकाने अधिक नेमके ओळखले, असे म्हणावे लागते.

कोटणिसांच्या सोलापूरलाही पुढे अशा प्रसंगाला तोंड द्यावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली आणि जखमींचा ओघ लातूर, उस्मानाबाद, सोलापूर येथील रुग्णालयांकडे लागला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईची उपनगरे पाण्याखाली गेली. पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. आपत्ती महाराष्ट्राला नवीन नाही. दर वेळी तरुण हात पुढे आले आहेत, आणि दर वेळी त्यांना कामावर गेल्यावरच काम शिकावे लागले आहे.

या बाबतीत काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश आहे. २०२० साली साथीच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र पाठही त्यात आला. पण अभ्यासक्रमातील प्रकरण आणि हाताला लागलेले वळण यांत अंतर असते. शिवाय कोविडच्या काळातील हिशेब अजून पुरता मांडला गेलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये व्हावयाची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. त्यापुढील प्रवेशफेरी न्यायालयीन वादात अडकून जानेवारी २०२२ पर्यंत लांबली. तोपर्यंत नवी तुकडी आली नाही, आधीच्या निवासी डॉक्टरांवरचा भार हलका झाला नाही आणि अखेर डिसेंबर २०२१ मध्ये देशाच्या अनेक भागांत त्यांना रस्त्यावर यावे लागले. थाळ्या वाजवून ज्यांचा गौरव झाला, त्यांचे वर्षाचे नुकसान कोणी भरून दिले नाही. ते सोसले त्यांच्या घरांनी.

तेव्हा पुढची आपत्ती येण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून ठेवल्या पाहिजेत. कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणते काम देता येईल आणि कोणते देता येणार नाही, हे लेखी असले पाहिजे. दर वर्षी त्याची प्रत्यक्ष तालीम झाली पाहिजे. प्रत्येक तुकडीवर अनुभवी वरिष्ठ असला पाहिजे, जसा त्या पाच जणांत अटलांच्या रूपाने होता. विमा, मानधन, राहण्याची सोय, कामाच्या तासांची मर्यादा आणि बुडालेल्या अभ्यासाची भरपाई या गोष्टी उपकार म्हणून नव्हे, तर करार म्हणून दिल्या पाहिजेत. यासाठी लागणारा खर्च मोठा नाही. मात्र आपत्ती नसताना तो मंजूर करावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

गोरेगावच्या त्या दालनांत आता पुन्हा प्रदर्शने भरतात. खाटा गेल्या, पडदे गेले. वेळ आली तर त्या पुन्हा आणता येतील. तेथे काम केलेले तरुण डॉक्टर मात्र निरनिराळ्या गावी पांगले आहेत, आणि त्यांनी तेथे जे शिकले ते पुढच्या तुकडीसाठी कोणीतरी नीट लिहून ठेवणे अजून बाकी आहे. डॉ. कोटणीस मृत्यूच्या रात्री ज्या टेबलाशी बसले होते, त्यावर याच प्रकारचे एक हस्तलिखित अपुरे राहिले होते.